कागदावरचा मुलगा

३ जून १९५५

यांचं पत्र आलं. केपटाउनहून आमच्या खाडीकाठच्या गावाला पोचायला बारा दिवस लागले. वाचून चिडायला मला बारा ओळीसुद्धा लागल्या नाहीत.

म्हणे तिथल्या गोऱ्या सरकारनं कायदा केलाय. हिंदुस्थानातून बायकामुलं आणायची बंद. ज्यांची लग्नं कायद्याआधी झाली त्यांच्या बायकांनी येत्या दहा फेब्रुवारीच्या आत पोचायचं. त्यानंतर कायमचं दार बंद. कायदा होऊन दोन वर्षं झाली. कळवतात आज.

नऊ वर्षं झाली लग्नाला. नऊ वर्षांत एकदा ‘ये’ म्हटलं नाही. आता एकदम ‘ताबडतोब तयारीला लाग’. माझ्या शाळेतल्या नोकरीचं काय, सासूबाईंचं, अम्मांचं काय, मला यायचंय का, एक शब्द नाही.

शेवटी लिहिलंय, फोटो पाठव. तुझा, सकिनाचा व अब्दुलचा. अब्दुलबद्दल हसन सांगेल.

सकिना आमची मुलगी. अब्दुल माझा नाही. धाकटे दीर हसन भावजी आणि खतिजा यांचा तो. त्याचा फोटो कशाला?

४ जून

सांगितलं भावजींनी. सुपारी कातरत, जणू पावसापाण्याचं बोलताहेत.

सत्तेचाळीस साली हे रजा संपवून परत केपला गेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं, घरी कोण कोण. यांनी सांगितलं बायको, आणि जुळी मुलं. एक मुलगी, एक मुलगा. मुलगा म्हणजे अब्दुल. पुढेमागे पोराला तिकडे भाजीच्या दुकानात नेता यावं म्हणून दोघा भावांनी इथे ओटीवर बसून ठरवलेलं. मी तेव्हा आतल्या खोलीत चाळीस दिवसांच्या सकिनाला घेऊन निजलेली.

“सगळेच करतात भाभी. मोरबा गावात जाऊन विचारा. कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या. गोऱ्याला काय कळतंय.”

म्हणजे आठ वर्षं मी एका मुलाची आई आहे आणि मला पत्ता नाही.

६ जून

शाळा सुरू. पहिलीत अकरा नवी पोरं, सहा रडकी. अब्दुल चौथीत, सकिना तिसरीत. त्याला दहा पुरी झाली, तिला आठ. तो तिच्यापेक्षा डोक्यानं उंच. हे जुळे.

दिवसभर त्याच्याकडे बघत होते. नाक हुबेहूब खतिजाचं.

१२ जून

यांना पत्र लिहिलं. तीन फाडली, चौथं पोस्टात टाकलं. त्यात एवढंच विचारलं की न विचारता मला मुलगा का दिला. बाकी राग पोस्टाच्या पाकिटात मावत नाही.

खतिजाला यातलं किती माहीत आहे कळत नाही. ती चुलीपाशी नेहमीसारखी. मी विचारायला जाते आणि भाकरीचं पीठ मळून परत येते.

७ जुलै

उत्तर. समजावणीचा सूर. ‘आता मागे फिरता येत नाही. इथे कागदावर दोन मुलं आहेत. एक आणलं तर दुसरं कुठे म्हणतील. खोटं सापडलं तर तुम्हा दोघींना तर नाकारतीलच, माझाही इथला हक्क जाईल. मुलांना आईबरोबरच येऊ देतात, एकटं नाही. तेव्हा तू आलीस तरच अब्दुलचं भलं होईल.’

आता मी नकार दिला तर अब्दुलचं वाईट करणारी मीच. किती छान जुळवून आणलंय.

आपलं आणि त्या सरकारचं बोलणंचालणं बंद. मुंबईत त्यांची कचेरी नाही. सगळं टपालानं. इथे मामलेदारापुढे जबानी, फोटो, अंगठे, दाखला. मग ते सगळं केपला, मग तिथला अधिकारी बघणार, मग परवाना इकडे. मध्ये एक सही चुकली की महिना गेला. आणि फेब्रुवारी कुणासाठी थांबत नाही.

९ जुलै

शनिवारची अर्धी शाळा. माणगावला फोटो काढायला गेलो. मी, सकिना, अब्दुल, भावजी. रस्त्याला लागेपर्यंत गुडघाभर चिखल, मग एस.टी.

निघताना अम्मा दारात आडव्या. सुनेचा फोटो परक्या देशातल्या परक्या पुरुषानं बघायचा? मी म्हटलं, तुमच्या मुलालाच सांगा. “त्याला कसं सांगू, तो तिकडे.” मग मला सांगतात, कारण मी इकडे.

फोटोवाल्यानं मुलांना जवळजवळ उभं केलं. भावजी म्हणाले, पोराला जरा वाकायला सांगा. अब्दुल गुडघे मोडून उभा राहिला. फोटोत सगळ्यांचे चेहरे शिक्षा झाल्यासारखे.

२९ जुलै

दोन दिवसांवर बकरीद आणि भावजींनी आज नवीन काढलं. कचेरीत मुलांच्या जन्माचा पुरावा लागतो, म्हणजे शाळेच्या रजिस्टरचा उतारा. अब्दुलची नोंद मीच केलीय. माझ्याच अक्षरात. बापाचं नाव हसन, जन्म सन पंचेचाळीस.

“तुमचंच अक्षर हाय ना भाभी. मग अडचण काय?”

अडचण तीच, हे त्यांना कळेल असं कसं सांगू?

हेडमास्तर दातारांना सगळं सांगितलं. त्यांना न सांगता काही करायचं नव्हतं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला. म्हणाले, “रजिस्टर कपाटात आहे. कपाटाची चावी तुमच्याकडेही असते. मी काही विचारणार नाही.”

मला वाटलं होतं नको म्हणतील. नको म्हणायचं कामही माझ्यावरच टाकलं.

१ ऑगस्ट

रजिस्टर उघडलं. पान काढलं. ब्लेड होतं. सहा वर्षं पोरांना सांगतेय, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. बंद केलं. भावजींना सांगितलं, जमणार नाही.

ते तासाभरात तोड घेऊन आले. अब्दुल शाळेतच गेला नाही असं सांगायचं. उतारा फक्त सकिनाचा. पोराला अक्षरओळख नाही, अंगठा लावेल.

चौथीत पहिला येणारा मुलगा.

७ ऑगस्ट

खतिजा आज स्वतः आली. मी ओटीवर वह्या तपासत होते. खाली बसली, पदर नीट केला.

“भाभी, त्याला ने.”

मी म्हटलं, तुला कळतंय का, कागदावर तो तुझा राहणार नाही. पुढे तुला त्याला भेटायला जायचं म्हटलं तरी तू त्याची कुणी नाही.

“कळतंय. इथं राहिला तर दोन वर्षांत याचा बाप याला बोटीवर भटारखान्यात धाडील. माझ्या भावाला धाडला व्हता. गोदीत उतरला तो आजारी, आणि गेला. तिकडं निदान तू असशील.” मग खाली बघून, “मी त्याला शिकवतेय. रोज शंभरदा म्हणवून घेते. आईचं नाव जैनब. आईचं नाव जैनब.”

मला वाटलं होतं ती रडेल आणि मला नाही म्हणायला कारण मिळेल. ती रडली नाही. मी हो म्हटलं.

एवढ्या दिवसांत या घरात मला कुणी ‘करशील का’ असं विचारलं ते हिनंच.

१८ ऑगस्ट

माणगाव, कचेरी. सकाळी दहा ते दुपारी तीन बाकावर. कारकुनानं कागद बघितले आणि परत दिले. निकाहनाम्यात मी जैनबबी. शाळेच्या पगारपत्रकात जैनबबाई. केपटाउनहून आलेल्या फॉर्मवर झेनाब.

“तिघी कोण?” असं विचारलं.

तिघी मीच, असं प्रतिज्ञापत्र करून आणायचं. परत.

१ सप्टेंबर

प्रतिज्ञापत्र घेऊन गेलो. आज नाव बरोबर, फोटो चूक. फॉर्मवर लिहिलंय त्याहून फोटो बोटभर मोठा. कापू का म्हटलं. कापला तर अब्दुलचा कान जातो. कारकून म्हणाला, दोन्ही कान दिसायला हवेत असं खाली लिहिलंय.

साता समुद्रापलीकडच्या सरकारला आमच्या पोराचे कान मोजायचे आहेत. पुन्हा फोटो. पुन्हा अम्मा दारात.

१५ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

तिसरी खेप. नाव बरोबर, फोटो बरोबर. मामलेदारांनी आत बोलावलं. वयस्कर, आवाज मऊ. माझी जबानी झाली. मी म्हटलं, दोन मुलं. जुळी. सकिना व अब्दुल्ला. आवाज हलला नाही याचं मलाच नवल वाटलं. सकिनाला आधीच बजावलेलं, तू गप्प बसायचं. ती गप्प बसली. अब्दुलला विचारलं, आईचं नाव काय? जैनब. बापाचं? इब्राहिम. पाढ्यासारखं म्हटलं.

मग कारकुनानं शाईचा पॅड पुढे केला. आधी मी सही केली. सकिनाचा अंगठा घेतला, लहान म्हणून. अब्दुलचा हात धरायला गेला तर त्यानं हात काढून घेतला, टेबलावरचा टाक उचलला आणि लिहायला लागला. वळणदार, गाठ न सोडता. मी बघत राहिले. अब्दुल्ला हसन, आणि पुढे आडनाव.

कारकून म्हणाला, “अरे, तुला लिहिता येतं?”

“येतं. बाईंनी शिकवलंय.” आणि माझ्याकडे बोट.

कारकुनानं शाईचा पॅड बंद केला.

मामलेदारांनी तो कागद उलटा ठेवला. भावजींना बाहेर जायला सांगितलं, मुलांनाही. मला म्हणाले, “बाई, तुम्ही शिक्षिका आहात.” एवढंच. मी मान खाली घातली. मग म्हणाले, “तुमचा आणि मुलीचा दाखला देतो. मुलाचा कागद माझ्यासमोर आलाच नाही.” नवी जबानी लिहवून घेतली. एक मुलगी. मी पुन्हा सही केली. एका दिवसात दोन सह्या, एक खोटी, एक खरी, अक्षर तेच.

स्टँडवर भावजी पोराला मारायला धावले. मी मध्ये उभी राहिले. ते दुसऱ्या गाडीनं गेले.

मुलांना भजी घेऊन दिली. अब्दुलला विचारलं, मुद्दाम केलंस का रे? तो खात राहिला. मग म्हणाला, “तुम्हीच सांगता, लिवता येतं त्यानं अंगठा लावायचा न्हाय.”

माझ्या वाटची भजीही त्याच्यापुढे सरकवली.

१७ सप्टेंबर

खतिजा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. अब्दुलशीही नाही. तो शाळेत पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर गेलाय.

दाखला यांच्याकडे पाठवला. झालं ते सगळं कळवलं. एक मुलगी, एवढंच खरं आहे, तेच तिथेही सांगा, असं लिहिलं.

१४ ऑक्टोबर

यांचं पत्र.

तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं, मुलगा कुठे? कागदावर दोन, दाखला एकाचा. यांनी सांगून टाकलं की मुलगा तापानं वारला. आता अधिकारी मृत्यूचा दाखला मागतो. ‘हसनला सांगून पोलीस पाटलाकडून लिहून घे व परतटपाली पाठव. यात कुणाचं काही नुकसान नाही.’

आधी पैदा केला, आता मारला. दोन्ही वेळा पाच हजार मैलांवरून, आणि दोन्ही वेळा आईला न विचारता. कुठल्याच आईला.

१६ ऑक्टोबर

भावजींनी पाटलाला गाठलं. पाटील तयार. भावजी म्हणतात, पोराचं तर गेलंच, भावाचं तरी वाचू दे.

मी म्हटलं, खतिजाला सांगितलं? “तिला काय सांगायचं. कागद हाय.”

१७ ऑक्टोबर

तिला कळलं. अब्दुलकडूनच. पाटलाच्या पोरानं त्याला शाळेच्या वाटेवर चिडवलं, तू मेलास.

खतिजा भात तसाच टाकून उठली, पाटलाच्या पायरीवर जाऊन बसली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पाणी घेतलं नाही. पाटलीण समजवायला आली तिला म्हणाली, “दुसरीला आई म्हण, हे मीच शिकवलं. ते माझ्या तोंडानं शिकवलं. पर हे न्हाय. माझ्या जित्या पोराचं नाव त्या वहीत चढायचं न्हाय.”

शाळा सुटल्यावर मी गेले, शेजारी बसले. बरोबर दातार मास्तरही आले, पण पायरीवर बसायला संकोचले, अंगणात उभे राहिले. दिवेलागणीला पाटलानं वही आणून दाखवली. नोंद नव्हती. दोन दिवसांनी केली असती की नाही, अल्ला जाणे.

परत येताना ती बोलली. महिन्यानं. “भाभी, भात करपला असंल.”

२० ऑक्टोबर

मी ठरवलं. यांच्या मार्फत नको. तिथल्या अधिकाऱ्याला मीच लिहिणार. नाव माझं, मुलगी माझी, अर्ज माझ्या नावाचा. मग पत्र का नाही माझं?

दातार मास्तरांना म्हटलं, इंग्रजी तुमचं, मजकूर माझा. लिहिलं: मी इब्राहिमची पत्नी. मला एकच अपत्य, मुलगी. दुसरं नव्हतं, म्हणून ते मेलंही नाही. नवऱ्यानं आठ वर्षांपूर्वी पुतण्याच्या मायेपोटी चुकीचं सांगितलं. ती चूक माझ्या मुलीच्या माथी मारू नये.

मास्तर लिहिताना थांबले. “बाई, त्यांचा तिथला हक्क जाऊ शकतो. त्यांना परत पाठवतील. सरळ सरळ कबुली आहे ही.”

मी म्हटलं, माहीत आहे. पाठवलं तर घरी येतील.

हे तोंडातून गेलं आणि मग मलाच कळेना मी काय म्हटलं. धमकी होती की आशा.

आजच रजिस्टर करून टाकलं. यांनाही त्याच टपालानं कळवलं की काय लिहिलंय. पाठीमागून काही केलं नाही.

२ नोव्हेंबर

यांच्याबरोबर सगळं मिळून दीड वर्ष राहिले. सेहेचाळीस-सत्तेचाळीसचे अकरा महिने, मग एक्कावन्नचे सात. एक्कावन्नला ओटीवर आरसा टांगून दाढी करायचे आणि तिकडच्या भाषेत काहीतरी गुणगुणायचे. सकिना हसायची. मला आज चेहरा आठवतो, आवाज नाही. पत्रातला आवाज आहे तो वेगळाच, दुकानदाराचा.

भावजी घरात जेवत नाहीत. अम्मा विचारतात, तू भावाभावांत का आलीस. मी म्हटलं, मला आणलं कुणी?

२६ नोव्हेंबर

काही नाही. ना अधिकाऱ्याचं, ना यांचं. मुंबईत गोळीबार झाला, टपाल रखडलंय असं पोस्टमन सांगतो. एकदा मुंबई, एकदा बोट, एकदा सुट्टी. तो रोज नवं कारण आणतो, पत्र आणत नाही.

झोडणी चालू. पोरं निम्मी शेतावर. अब्दुल मात्र रोज येतो. आज पहिल्या बाकावर बसला.

२८ डिसेंबर

परवाना आला.

सरळ माझ्या नावावर. लांबट पाकीट, शिक्का. पोस्टमननं मास्तरांसमोर दिलं. मास्तरांनी दोनदा वाचलं, मग मराठीत सांगितलं. जैनब, इब्राहिमची पत्नी, व अल्पवयीन मुलगी सकिना यांना मुदतीच्या आत डर्बन बंदरात उतरायची परवानगी. मुलाबद्दल एक अक्षर नाही. यांच्याबद्दलही नाही.

पाच महिने एवढी माणसं खोटं बोलत राहिली, काही हललं नाही. एक खरं पत्र गेलं आणि दोन महिन्यांत काम झालं. आनंद व्हायला हवा. मला आधी संतापच आला.

३० डिसेंबर

बोट १२ जानेवारीला मुंबईहून. वीस-बावीस दिवसांत डर्बन, पुढे रेल्वेनं केप. मुदतीच्या आत पोचतो, आठवड्याची सवड. मुंबईतल्या बोटीच्या एजंटाला तार केली, जागा आहे. पासपोर्ट ऑक्टोबरातच आलाय. देवी टोचून घेतल्या, सकिनाचा दंड सुजला.

शाळा बोर्डाचा फॉर्म भरायचा. रजा की राजीनामा? मास्तर म्हणाले, रजा लिहा. बोर्ड म्हणेल मुदत लिहा. मुदत काय लिहू? जागा कोरी ठेवून दिला. मास्तरांनी तसाच घेतला.

खतिजा पत्र्याच्या ट्रंकेत कपडे लावते. आंबोशी, सुके सोडे, कुळथाचं पीठ. म्हणाली, “तिकडं काय मिळतंय कुणास ठाऊक.” मी म्हटलं, तुझ्या मुलाचं राहिलं. ती म्हणाली, “राहिला. माझ्याजवळ राहिला.” राग होता का त्यात, कळलं नाही. असेलही. बापानं त्याला पुढच्या वर्षी बोटीवर धाडायचं अजून सोडलेलं नाही.

४ जानेवारी १९५६

तार. केपटाउनहून. इंग्रजीत तीन-चार शब्द. मास्तरांनी वाचली, म्हणाले, “निघू नका. मागून पत्र.”

एवढंच. नाव यांचं.

पत्र यायला बारा दिवस. बोट आठ दिवसांनी. पत्रात काय आहे ते कळेपर्यंत बोट गेलेली असेल, आणि पुढची बोट मुदतीनंतर पोचते. मी एजंटाला पुन्हा तार करून विचारलं. तेच उत्तर.

त्यांना कळत नसेल का हे? भाजीच्या दुकानात बसून तारखा कळत नाहीत?

६ जानेवारी

आता ज्याला त्याला मत आहे.

भावजी: “तुम्ही अधिकाऱ्याला लिहिलंत, त्याला तिथं काहीतरी झालं असणार. पोलीस असंल.” मास्तर: तिथली परिस्थिती बिघडली असेल, वर्तमानपत्रात रोज काही ना काही येतं, त्यांना काळजी वाटली असेल. गल्लीतली हमीदा फुफू, जिचा नवरा वीस वर्षं तिकडे होता आणि परत आला तो तिथली दोन पोरं मागे ठेवून, ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघून उठून गेली. तिचं न बोलणंच मला सगळ्यात जास्त लागलं.

कारण काही असो. यायचं तेव्हा ये. थांबायचं तेव्हा थांब. ज्या सरकारला मी नको होते त्यांनी शिक्का मारून या म्हटलं. ज्यांनी बोलावलं ते म्हणतात येऊ नका.

संध्याकाळी अम्मा माझ्या खोलीत आल्या. कधी येत नाहीत. खाटेवर बसल्या. म्हणाल्या, “इब्राहिमचा बाप तिकडंच गेला. कबर कुठं हाय मला म्हाईत न्हाय. तेव्हा मलाबी तार आलेली. येऊ नको म्हणून. मी न्हाय गेले.” उठून गेल्या.

८ जानेवारी

यांना तार केली. एकच शब्द: का. मास्तर म्हणाले, तारेत एक शब्द पाठवला काय, आठ पाठवले काय, तेवढेच पैसे. मी म्हटलं, मला एकच विचारायचाय.

उत्तर नाही.

९ जानेवारी

उत्तर नाही. शाळेत गेले. पहिलीला ‘क’ची बाराखडी घेतली. रडणाऱ्या सहांपैकी आता एकच रडतो. अब्दुलनं फळा पुसला, खडू ठेवला, दारात उभा राहिला. “बाई, उद्या येणार?” मी म्हटलं, मास्तर घेतील उद्या.

घरी येऊन ट्रंकेला कुलूप लावलं. खतिजानं विचारलं नाही कुठे. कापडात भाकऱ्या बांधायला लागली. किती जणींच्या आणि किती दिवसांच्या, तेही विचारलं नाही. खूप बांधल्या.

१० जानेवारी

माणगाव स्टँड. पेन्सिलीनं लिहितेय, गाडीला उशीर आहे. इथे नेहमी उशीरच असतो.

भावजी ट्रंक बैलगाडीतून घेऊन आले. ट्रंक उतरवली, पुसली, आणि म्हणाले, “मुंबईला पत्ता हाय ना एजंटाचा?” मी म्हटलं, आहे. ते परत गेले नाहीत. समोर चहाच्या टपरीपाशी उभे आहेत.

येताना पोस्टात शिरले. तार नाही.

पर्समध्ये परवाना आहे आणि यांची तार आहे. परवा बोटीवर चढायचं की एजंटाच्या दारातून परत फिरायचं, मला अजून माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच की हे घरी बसून ठरवायचं नव्हतं. तिथे धक्क्यावर उभं राहून, बोट डोळ्यांनी बघून ठरवायचं. यांनी कळवलं म्हणून नव्हे आणि सरकारनं कळवलं म्हणूनही नव्हे.

सकिना विचारते, तिकडे आपल्याला न्यायला अब्बा येतील ना? मी म्हटलं, मला माहीत नाही गं. ती म्हणाली, बरं. आणि पुन्हा भाकरी खायला लागली.

गाडी आली. धरमतरपर्यंत हीच, पुढे मुंबईची लाँच. कंडक्टर ट्रंक टपावर चढवायला सांगतोय. भावजी रस्ता ओलांडून येताहेत. कंडक्टर विचारतोय, कुठे बाई, किती?

धरमतर. एक पूर्ण, एक अर्धं.